लिंबूटिंबूचं इंग्रजी

‘बाई, शी म्हणजे घाण ना?’

दुसरीतल्या एका पोराने भर तासाला हे विचारलं आणि अख्खा वर्ग फुटला. फळ्यावर मी एक मुलगा आणि एक मुलगी काढली होती. मुलाखाली लिहिलं होतं ‘ही’, मुलीखाली ‘शी’. आता मराठी घरातल्या सात वर्षांच्या लेकराच्या जागी बसून बघा. त्याच्या कानाला ‘ही’ म्हणजे मुलगीच. ही माझी ताई, ही आमची मनी. आणि ‘शी’ हा एक तर नाक मुरडून म्हणायचा शब्द, नाहीतर बालवाडीत चड्डी धरून बाईंच्या कानात सांगायचा. तोच शब्द आज बाई मुलीच्या चित्राखाली लिहितायत आणि वर पाठ करा म्हणतायत! मुली चिडल्या, मुलं खिदळली, आणि पुढचे कित्येक आठवडे माझ्या वर्गात ‘ही इज अ गर्ल’ ठणठणीत आवाजात नांदत राहिलं.

उपाय सगळे करून झाले. दहा-दहा वेळा लिहून आणायला लावलं. तक्ता टांगला. टाळ्यांच्या तालावर म्हणून घेतलं. तक्त्यासमोर उभं केलं की बरोबर यायचं, तक्त्याकडे पाठ फिरली की ‘ही’ पुन्हा मुलीकडे. ‘आय’ची गत तीच. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत आईला आय म्हणतात, त्यामुळे ‘आय ॲम’ म्हटलं की मागच्या रांगेतून ‘कुणाची आय?’ यायचंच.

मी स्वतः इंग्रजी मुळाक्षरं पाचवीत गिरवली. आमच्या पिढीचं इंग्रजी पाचवीलाच सुरू व्हायचं. मराठी माध्यमाच्या शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. तेव्हा त्यावर बरीच वादावादी झाली, ती इथे उकरत नाही. सांगायचं एवढंच की माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांना, जी भाषा आपण दहाव्या-अकराव्या वर्षी वहीतून शिकलो, ती सहा वर्षांच्या पोरांना तोंडी शिकवायची होती. इंग्रजी म्हणजे शब्द, स्पेलिंग, अर्थ, वाक्यात उपयोग. ती आमच्या तोंडात यायच्या आधी वहीत आली आणि बऱ्याचदा वहीतच राहिली. मीही तेच ताट पुढच्यांना वाढत होते.

खेळाकडे वळले ती काही अभ्यास करून नाही. एक भांडण सोडवायला गेले होते.

मधली सुट्टी होती. मैदानात लंगडी चालू होती आणि नेहमीप्रमाणे एक पोरगी आउट की नाही यावरून दोन्ही बाजू हातघाईवर आल्या होत्या. ‘आउट!’ ‘नाही आउट!’ ‘चीटिंग!’ ‘तिने टाइमप्लीज घेतलं होतं!’ ‘टाइमप्लीज आधी घ्यायचं असतं!’ न्याय द्यायला म्हणून मी गेले आणि तिथेच थबकले. आउट हा शब्द मी या पोरांना कधी शिकवला होता? चीटिंग? चान्स, सेफ, रेडी, फर्स्ट, लास्ट? आणि ते टाइमप्लीज! घराघरात, गल्लीगल्लीत ‘टॅम्प्लीज’ होऊन बसलेलं. खुद्द इंग्रजांच्या पोराला तरी ते कळेल की नाही कोण जाणे, पण आमच्या पोरांच्या हातात तो शब्द म्हणजे ढाल. म्हटला की राज्य असलेला जागच्या जागी थांबलाच पाहिजे. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ कुणी मला विचारला नव्हता. कुणाला गरजच पडली नव्हती. शब्द चुकीच्या वेळी वापरला की डाव जातो, बरोबर वेळी वापरला की वाचतो. झाला अर्थ.

त्या दिवशी न्याय देताना मला काय सुचलं देव जाणे. म्हटलं, बाई निकाल देतील, पण तक्रार इंग्रजीत ऐकतील. मुलगा बाद झाला तर ‘ही इज आउट’, मुलगी बाद झाली तर ‘शी इज आउट’. चुकीचं म्हटलं तर बाद धरायचं नाही.

पहिला बळी तिथल्या तिथेच गेला. लंगडी घालत घालत एका पोराने एका मुलीला गाठलं, पाठीवर थाप मारली आणि विजयी आवाजात ओरडला, ‘ही इज आउट!’ मुलगी जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाली, ‘मी ही नाही. मी शी आहे!’

वर्गात ज्या शब्दावरून तिचं तोंड वाकडं झालं होतं, तो शब्द तिने स्वतःहून अंगाला लावून घेतला होता. कारण आता तो तिला वाचवत होता. पोरगा लंगडी घालत तिच्या मागे पुन्हा अर्धं मैदान फिरला. दुसऱ्यांदा गाठलं तेव्हा हात लावायच्या आधी क्षणभर अडखळला, ओठातल्या ओठात काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, ‘शी... शी इज आउट.’ तेव्हा कुठे ती रिंगणाबाहेर गेली. आठवडाभरात ‘ही-शी’चा घोळ संपला म्हणणार नाही, पण मैदानावरचा संपला. वर्गात मात्र पुढेही अधूनमधून डोकं वर काढत राहिला. मैदानात नीट बोलणारं पोर वर्गात शिरलं की पुन्हा का चुकतं, हे मला बरेच दिवस छळत होतं. खरं तर उत्तर समोर होतं. वर्गात चुकलं तर काहीच होत नव्हतं. फार तर बाई रागावायच्या, आणि त्याची पोरांना सवय असते.

खो-खोचंच बघा. आठ गडी बसलेले, एक तोंड इकडे, एक तिकडे. पाठलाग करणाऱ्याने पाठीमागून थाप मारून ‘खो’ म्हटलं की बसलेला तीरासारखा सुटतो. खो म्हणजे काय, हे शब्दकोशात बघून कुणी खेळायला उतरलेला नाही. तो शब्द कानावर पडतो आणि पाय उठतात. मला माझ्या वर्गातली इंग्रजी क्रियापदं अशी उठलेली हवी होती. तोवर ती सगळी वहीत पालथी घालून ठेवल्यासारखी बसलेली होती.

मग एकेक खेळ काढत गेले. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की आम्ही वर्गात ‘भुर्र’ खेळायचो. सगळ्यांनी गोल बसून बोट जमिनीला टेकवायचं. म्होरक्या म्हणणार, चिमणी भुर्र, कावळा भुर्र, पोपट भुर्र... आणि मध्येच, म्हैस भुर्र! उडणाऱ्याला बोट उचलायचं, न उडणाऱ्याला उचललं की बाद. याचं इंग्रजी करायला काही कष्टच पडले नाहीत. क्रो फ्लाइज, पॅरट फ्लाइज, बफेलो फ्लाइज. प्राण्यापक्ष्यांची नावं इतक्या भराभर पाठ झाली की पुस्तकातला तो धडा मला शिकवावा लागला नाही. तिसऱ्या पुरुषी एकवचनी क्रियापदाला शेवटी स लागतो, हे आम्हाला सातवीत नियम म्हणून पाठ करायला लावलं होतं. इथे एक पोर गडबडीत ‘काऊ फ्लाय’ म्हणालं तर चार जणांनी त्याला धरलं. ‘असं नाय म्हणायचं, फ्लाइज म्हणायचं!’ का, ते त्यांना माहीत नव्हतं. खेळात तसंच म्हणतात, एवढं पुरेसं होतं.

एकदा मीच म्होरकी होते आणि बोलून गेले, ‘हेन फ्लाइज!’

अर्धी बोटं वर, अर्धी खाली. दोन-चार बोटं अधांतरी. एक क्षण शांतता आणि मग असा गलका की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. ‘बाई, आमची कोंबडी कौलावर जाती!’ ‘ती उडी मारती, उडत नाय!’ म्हटलं, असं नाही, ज्याला काही सांगायचंय त्याने इंग्रजीत सांगा, नाहीतर सगळे बाद. मला वाटलं आता गप्प बसतील. एक मुलगी उठली. दोन्ही हात पंखांसारखे हलवत, शब्द वेचून वेचून म्हणाली, ‘हेन... लिटल फ्लाइज.’ समोरून तडक उत्तर, ‘नो फ्लाइज! हेन जंप!’ ‘नो जंप! लिटल फ्लाइज! आय सी!’

आय सी. मी पाहिलंय. वाक्याची हाडं मोडलेली होती, पण कोंबडीसारख्या गंभीर विषयावर माझ्या वर्गातली दोन लेकरं इंग्रजीत भांडत होती, आणि मी ते ऐकत होते. निकाल असा दिला की कोंबडीला बोट अर्धंच उचलायचं. तो नियम अजून चालू आहे. शहामृगाच्या वाटेला मी मुद्दाम गेले नाही.

सगळ्यात जास्त मला शिकवलं ते आंधळी कोशिंबिरीने. योजना अगदी साधी होती. डोळे बांधलेल्या मुलाला एक भिडू द्यायचा, त्याने लेफ्ट, राइट, गो, स्टॉप एवढ्या चार शब्दांवर त्याला चालवायचं आणि लपलेल्या गड्यापर्यंत न्यायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं. (हे शेवटचं कलम अर्थातच कुणी पाळलं नाही.) पहिल्याच जोडीत डोळे बांधलेला पोरगा मैदानाच्या मधोमध उभा, आणि त्याचा भिडू समोर, त्याच्याकडे तोंड करून. भिडू ओरडला, ‘लेफ्ट, लेफ्ट!’ आंधळा डावीकडे वळला. भिडू आणखी जोरात, ‘लेफ्ट! अरे लेफ्ट!’ तो आणखी डावीकडे. तिसऱ्या लेफ्टला गडी व्हरांड्याच्या खांबावर जाऊन आदळला. फार नाही लागलं, कपाळाला छोटं टेंगूळ आलं, पण ओढणी काढून तो जो भिडूवर धावला!

‘मी लेफ्टलाच वळलो होतो!’

‘आन् मी लेफ्टच सांगत होतो!’

दोघंही खरं बोलत होते. दोघांनी आपापला डावा हात वर करून दाखवला, आणि दोन डावे हात मैदानाच्या दोन टोकांना. पोरं हे बघून चक्रावली. मीसुद्धा, कारण या अडचणीचा मी विचारच केला नव्हता. पुढची पाच-सात मिनिटं मी तोंड उघडलं नाही, आणि माझ्या सगळ्या नोकरीत मी जे काही चांगलं केलं असेल त्यात ते गप्प बसणं बरंच वर येईल. कुणी म्हणालं, भिडूने पाठीमागे उभं राहायचं. कुणी म्हणालं, उलटं सांगायचं. शेवटी एक चिमुरडी, जी एरवी पेन्सिल तोंडात घालून खिडकीबाहेर बघत असायची, म्हणाली, ‘माय लेफ्ट नाय सांगायचं. युअर लेफ्ट सांगायचं.’

‘माय नेम इज’ आणि ‘व्हॉट इज युअर नेम’ ही दोन वाक्यं ही मुलं पहिलीपासून म्हणत होती. कुणी पाहुणा वर्गात आला की हमखास म्हणून दाखवायची. माय आणि युअर हे त्यात असलेले वेगळे शब्द आहेत, त्यांना तिथून सोडवून दुसरीकडे नेता येतं, हे त्यातल्या कुणाला ठाऊक असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं. ‘व्हाटीज्युअर्नेम’ हा त्यांच्यासाठी एकच लांबलचक शब्द होता. त्या दिवशी तो फुटला. दुसऱ्या डावापासून मैदानात ऐकू येऊ लागलं, ‘युअर लेफ्ट! नो नो, युअर युअर! माय राइट, युअर लेफ्ट!’ मी चार शब्द शिकवायला निघाले होते, आणि पोरांनी षष्ठी विभक्ती घरी आणली.

पुढे एका प्रशिक्षणात कळलं की जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात यावर रीतसर पद्धत उभी केली आहे. शिकवणाऱ्याने आज्ञा द्यायच्या, शिकणाऱ्याने शरीराने त्या पाळायच्या, बोलायची घाई करायची नाही. लहान मूल घरात भाषा अशीच शिकतं, आधी ‘ये, बस, दे’ ऐकून हालचाल करतं आणि बोलतं फार उशिरा, हे त्यामागचं निरीक्षण. मला बरं वाटलं, आपण अगदीच वेडेपणा करत नाही आहोत म्हणून. पण ‘आपल्या खेळांत हे सगळं आधीपासूनच होतं’ अशी कॉलर ताठ करायला मी तयार नाही. आपल्या खेळांत होतं खरं, पण आपण त्यांना शाळेच्या कुंपणाबाहेर ठेवलं होतं. घंटा झाली की खेळ संपला, हेच तर आम्ही शिकवत होतो.

आणि सगळे खेळ काही गुणाचे निघाले नाहीत.

‘मामाचं पत्र हरवलं’ माझ्या फार लाडाचं. त्याचं मी मोठ्या हौसेने भाषांतर केलं. अंकल्स लेटर इज लॉस्ट, आय हॅव फाउंड इट. पोरं गोल करून बसली, एक जण रुमाल घेऊन बाहेरून फिरू लागला आणि सगळ्यांनी ते ओझं वाहिल्यासारखं म्हटलं. ताल नाही, ठेका नाही, ‘ते मला सापडलं’ या उत्तरातली खोडी नाही. त्यात एकाने विचारलं, ‘बाई, अंकल म्हणजे काका ना? मग मामाचं पत्र काकाने कशाला हरवलं?’ इंग्रजीत काका-मामा-मावशीचा नवरा-आत्याचा नवरा सगळे एकाच शब्दात कोंबलेले असतात, हे मी सांगितलं तर पोरांना त्या भाषेची कीवच आली. दोन फेऱ्यांत डाव मोडला.

महिनाभराने पुन्हा काढला, पण या वेळी गाण्याला हात लावला नाही. ते मराठीतच ठेवलं. बदललं ते पत्र. नुसता रुमाल टाकण्याऐवजी घडी घातलेला खरा कागद. ज्याच्या मागे पडेल त्याने तो उघडायचा, वाचायचा आणि त्यात लिहिलंय ते करत करत धावायचं. ‘हॉप.’ ‘क्लॅप अँड रन.’ ‘टच द डोअर.’ वाचायला जितका वेळ, तितका पुढच्याला पळायला वाव. आयुष्यात कधी पोस्टाचं पत्र न पाहिलेली ही पोरं. पिढ्यान् पिढ्या मामाचं पत्र हरवतंय आणि सापडतंय, पण त्यात काय लिहिलंय ते कुणी उघडून बघितलं नव्हतं. इथे पहिल्यांदा त्यात मजकूर आला. वाचनात सगळ्यात मागे असलेला एक मुलगा ‘क्लॅप’मधली अक्षरं बोटाने दाबत, धापा टाकत जोडत होता, आणि बाकीचे त्याच्यासाठी श्वास रोखून थांबले होते. वर्गात त्याच्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं. मीही नाही.

कबड्डीत मात्र मी तोंडावर आपटले. एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचं असतं, तर त्याऐवजी वारांची स्पेलिंगं म्हणायची, अशी माझी कल्पना. बुधवारचं स्पेलिंग ज्याच्या वाट्याला आलं त्याचा दम ‘डब्ल्यू’वरच निम्मा संपला. बाकीच्यांनी जे काही पुटपुटलं ते इंग्रजी नव्हतं, मराठी नव्हतं, मधमाश्यांचं पोळं होतं. त्या मंत्रातली गंमतच ही की त्यात काही अर्थ नसतो, म्हणून तर तो दमावर चालतो. पोरांनी मला तोंडावर काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन, मला दिसणार नाही अशा बेताने, जुनी कबड्डी खेळली. तेव्हापासून माझ्याकडे एक कसोटी आहे. मी नसताना पोरं तो खेळ तसा खेळतात का? नसतील, तर तो खेळ नाही, मी वेष पालटून घेतलेला तास आहे. आणि वेष पालटलेला तास पोरं लांबून ओळखतात.

लगोरीत बिगर-स्मॉलर आपोआप आलं, कारण सात ठिकऱ्या रचायच्या तर मोठी खाली आणि लहान वर, आणि पाठीत चेंडू बसायच्या आत. त्याबद्दल यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

या सगळ्यात मला माझे आजोबा आठवतात. विटीदांडू खेळताना ते मोजायचे, ‘वकट, लेंड, मुंड, नाल...’ प्रत्येक आकड्याला टोला मारायची ढब वेगळी. लहानपणी मला वाटायचं, ही खेळातलीच काहीतरी बडबड असणार. पुष्कळ वर्षांनी रेल्वेत समोरच्या बाकावरचं एक तेलुगू कुटुंब नाणी मोजत होतं. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. माझे कान टवकारले. वकट, लेंड, मुंड, नाल! तेलुगूचं एक अक्षर न येणारे माझे आजोबा जन्मभर जवळपास तेलुगूत विट्या मोजत होते. हे आकडे कुणी, कधी, कुठून आणले असतील? कुठल्या शाळेने तर नक्कीच नाही. कुठल्याशा मैदानात कुणीतरी कुणाबरोबर खेळलं असेल, आणि आकडे डावाबरोबर इकडे आले असतील. डबा ऐसपैसचंही तसंच. ते मुळात ‘आय स्पाय’ असं सांगतात. आपल्या पोरांनी त्याला घासूनपुसून मराठी शब्दाचं रूप दिलं आणि खरोखरच ऐसपैस करून घेतलं. परकी भाषा खेळातून यायला कुणाची परवानगी लागत नाही. तिचं आपल्याला ओझंही वाटत नाही.

आता ज्या शब्दासाठी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते.

तिसरीच्या वर्गात वर्षाच्या मध्यावर एक मुलगी दाखल झाली. आईबाप कामासाठी गावं बदलत फिरणारे, त्यामुळे हिची ही कितवी शाळा ते तिलाही सांगता येईना. वर्गात ती बोलायचीच नाही. इंग्रजी सोडा, मराठीतही नाही. हजेरीला नुसता हात वर. मी जवळ घेऊन पाहिलं, पुढे बसवून पाहिलं, शेवटी हळूहळू बोलेल म्हणून सोडून दिलं. मी सोडून दिलं, पण पोरांनी सोडलं नाही. पहिल्याच मधल्या सुट्टीत त्यांनी तिचा प्रश्न एका शब्दात मिटवला होता. ‘ही लिंबूटिंबू.’

लिंबूटिंबू म्हणजे काय, हे मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको. सगळ्या खेळात आहे, पण बाद होत नाही. पळते, पण राज्य येत नाही. डावात धरलेली, हिशेबात नाही. मोठ्या भावंडांच्या मागे लागलेल्या धाकट्यासाठी, नवख्यासाठी, दमणाऱ्यासाठी कुणा शहाण्या पोराने कधीकाळी काढलेली ही सोय. मला हे बघून स्वतःची लाज वाटली. माझ्या वर्गात अशी जागाच नव्हती. माझ्याकडे मूल एक तर उत्तर देतं किंवा देत नाही, बरोबर देतं किंवा चुकतं. हिशेबात न धरता नुसतं आत राहू देणारी रांग मी कधी आखली नव्हती.

मग आखली. कुणालाही, कुठल्याही दिवशी, लिंबूटिंबू मागता येईल. खेळायचं, बोलायचं, चुकायचं, त्या दिवशी चूक धरायची नाही. शेजारच्या वर्गातल्या सरांनी मला सावध केलं, ‘मॅडम, सगळे तेच मागतील.’ मलाही तीच भीती होती. पण आम्ही दोघंही बालपण विसरलो होतो. लिंबूटिंबू असण्यात सुरक्षितता आहे तशीच एक बारीकशी बोचही आहे. आपण धावतोय आणि आपल्याला कुणी मनापासून पकडतच नाही, हे फार दिवस सोसत नाही. पोरं एक-दोन दिवस मागायची आणि आपणहून ‘आज पक्का भिडू’ म्हणत परत यायची.

ती मात्र राहिली. कितीतरी आठवडे. भुर्रमध्ये बोट उचलायची, तेही कधी कधी म्हशीला. आंधळी कोशिंबिरीत कडेला उभी राहून ओठ हलवायची. काय म्हणते ते ऐकू यायचं नाही. मी ऐकायला जवळ गेले की ओठ मिटायचे, म्हणून मी जायचं बंद केलं.

मग एक दिवस लंगडीत तिच्या पाठीवर चुकून थाप बसली. लंगडी घालणाऱ्याने बघितलं, कोण आहे ते ओळखलं, आणि दुसरीकडे वळला. ती थांबली. त्याच्या मागे गेली. त्याचा सदरा ओढला. ‘आय आउट,’ ती म्हणाली.

‘तू लिंबूटिंबूयेस. तुला नसतं.’

‘आय आउट!’ या वेळी सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. आणि उत्तराची वाट न बघता ती रिंगणाच्या रेषेबाहेर जाऊन, बाद झालेल्यांच्या रांगेत, मांडी घालून बसली. चेहऱ्यावर असा रुबाब की जणू बक्षीस मिळालंय. त्या वाक्यात ‘ॲम’ नव्हता. माझी जीभ सवयीने वळवळली, मी ती दाताखाली धरली.

याच काळात एक साहेब शाळा तपासायला आले. माझा वर्ग मैदानात एका पायावर उड्या मारत होता. ‘हा खेळाचा तास का?’ म्हटलं, इंग्रजीचा. त्यांनी वह्या मागितल्या. वह्यांची पानं पुष्कळशी कोरी होती, त्याबद्दल शेरा मिळाला. घरी येऊन मी धुसफुसले, सरांना फोन करून तासभर तोंडसुख घेतलं. पण रात्री पडल्या पडल्या कबूल करावं लागलं की शेरा अगदीच चुकीचा नव्हता. चौथीतल्या, दिवसातून पन्नास वेळा आउट म्हणणाऱ्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी तो शब्द लिहायला सांगितला. त्याने लिहिलं ए, यू, टी. ऐकण्याबोलण्याच्या नादात लिहिणं माझ्या हातून सुटलं होतं. खेळ लिहायला शिकवत नाही. लिहायला शिकायचं तर बसावंच लागतं, आणि ‘खेळता खेळता सगळं येतं’ असं सांगणाऱ्यांपासून मी तेव्हापासून जरा लांब राहते.

तरी एक वाट सापडली. खेळाचे नियम लिहून काढायचे, भिंतीवर लावायचे, आणि पुढे भांडण झालं की भिंतीवर जे लिहिलंय तेच खरं. आता स्पेलिंगला किंमत आली, कारण अक्षर लागलं नाही तर नियम लागू होत नाही. तो कागद अजून भिंतीवर आहे. नो पुश. नो पिंच. से युअर लेफ्ट. हेन इज हाफ. आणि सगळ्यात खाली, रडीचा डाव चालणार नाही यासाठी पोरांनी बराच काथ्याकूट करून लिहिलेलं, नो क्राय गेम. मी ते दुरुस्त केलेलं नाही.

ती मुलगी आता चौथीत आहे. या वर्षी तिच्या घरच्यांनी मुक्काम हलवला नाही. परवा मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात वह्या तपासत बसले होते. समोर लंगडीचे भिडू वाटून झाले होते आणि पहिलीतली एक एवढीशी पोर, नाक वाहतंय, एक वेणी सुटलेली, रेषेवर येऊन उभी राहिली होती. मला पण, मला पण. मोठी पोरं वैतागली. ‘ए, ही नको. ही पडंल. बाई आपल्याला बोलतील.’

ही पुढे झाली. धाकटीचा हात धरला, रेषेच्या आत ओढली आणि पोरांकडे वळून, जसं काही भिंतीवरचा नियम वाचून दाखवतेय, अशा आवाजात म्हणाली, ‘शी इज लिंबूटिंबू.’

कुणी काही बोललं नाही. डाव सुरू झाला.